शेवटचा शबूद धाकटीचा

औराद
९ जानेवारी २०२५

शकू,

जयभीम. फोन तू उचलत न्हाईस. उचललास तरी माजा आवाज ऐकला की तुज्या मालकाच्या, ज्ञानोबा पाव्हण्यांच्या हातात देतीस, आन् ते बिचारे ‘सगळं बरं हाय, सगळं बरं हाय’ म्हणत ठेवून देतेत. पत्राला तसं करता येत न्हाई. फाडलंस तरी फाडायच्या आदी एक नजर टाकशीलच. तुजा सभाव लहानपणापासून चोंबडा, मला ठाव हाय. म्हून लिहायलेय. सातवीपतूर शिकले त्याचा कायतरी उपेग.

कामाचं आदी सांगते. बीदरच्या मैलूरहून एक पोरगी आलीय, प्रियंका नावाची. आपल्यातलीच हाय. पुण्याला जाऊन पिच्चर काढायचं शिकली. आपल्या शिवेवरच्या गावांत भीमाची गाणी म्हणणाऱ्या बायकांवर ती पिच्चर काढायलीय. त्यात नाच न्हाई, मारामारी न्हाई. खरी माणसं खरं बोलतेत तेवढंच. मी म्हणलं, मग बगणार कोण, बाई? तर म्हणली, मावशी, तुमी बगा, म्हंजे झालं. माहितीपट म्हणतेत म्हणं त्याला.

तिला आपल्या मायचं गाणं पायजे. उदगीरच्या बाजारात कुणाकडं तरी आपली जुनी कॅसेट ऐकली म्हणं तिनं. कॅसेटीचं नाव काढलं म्हून लगीच तोंड वाकडं करू नको, फुडं वाच.

तिच्यासंगं प्रशांतकुमार म्हणून एक पोरगा हाय कॅमेऱ्याला. लिंगायताचा हाय, कानडीत इचार करतोय आन् मराठीत बोलतोय, पर लई गुणाचा. पहिल्या दिवशी मला म्हणला, अक्का, हापशीवरून येताना दिसा. हंडा रिकामा होता. तर म्हणं भरल्यावाणी चाला. मी म्हणलं, बाबा, खऱ्या पिच्चरमदी खोटं चालणं कसं चालंल? प्रियंका हसाय लागली, म्हणली राहू दे. मग मी हंडा भरूनच आणला. गुडगा दोन दिवस ठणकला ती गोष्ट येगळी. आन् हां, त्यो मला अक्का म्हणायलाय. ह्या जगात मला अक्का म्हणणारी एकच व्हती, आता परका पोरगा म्हणायलाय. ऐकून ठेव.

गाण्याच्या दिवशी मायची वाकळ हातरली. मी बसले. प्रशांतकुमार कॅमेऱ्यातून बगून म्हणला, अक्का, मधी सरका, निम्मी चौकट रिकामी दिसायलीय. मी सरकले न्हाई. त्यानं आजून एकदा सांगितलं. मी म्हणलं, मी माज्या जागेवर बसलेय, तू तुजा डबडा सरकव. मग गाणं धरलं.

इहिरीच्या काठी उभी माय तहानली,
रिकामी घागर तिनं घरला आणली,
ओंजळ भरून भीमानं माज्या मायला पाणी…

आन् थांबले. सगळे थांबले. बाहीर कोंबडी तेवढी ओरडायली व्हती. प्रियंकाला वाटलं मी इसरले. हळूच म्हणली, मावशी, शबूद आठवंना का?

लई राग आला बग. इसरले? मायनं जुळवलेलं गाणं मी इसरंन? मग तिला सगळं सांगावं लागलं. म्हणलं, माय शिकवायची तवा माजी धाकटी एवढीशी व्हती, तिला गाण्याची आख्खी वळ ध्यानात राहीना. शेवटचा शबूद तेवढा राहायचा. आन् त्यो बी मलाच म्हणायचाय म्हणून भोकाड पसरायची. मग मायनं वाटणी केली. वळ थोरलीची, शेवटचा शबूद धाकटीचा. मी वळ सोडायची, तू मागनं झील धरायचीस. हजार माणसांम्होरं म्हणलं तरी तसंच म्हणलं. आजपतूर त्या गाण्यातला त्यो शबूद माज्या तोंडातून निगाला न्हाई. निगतच न्हाई. जीभ तितं जाऊन उभी राहती.

तर आता तू ये. पिच्चर झीलीवाचून व्हायचा न्हाई. मला गरज न्हाई, मायच्या गाण्याला गरज हाय. येताना तुज्या नातवाला आण. शाळेला जायलाय म्हणं, आन् मी आजून त्याचं तोंड बगितलेलं न्हाई.

राजूबाई


औराद
६ फेब्रुवारी

शकू,

तुजं उत्तर न्हाई. मी काय हातावर हात ठेवून बसले न्हाई. सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई म्हणतेत, तसल्या आपण दोगी. पर माजा पीळ लिहितोय तरी, तुजा गुमान बसलाय.

प्रियंका म्हणली, मावशी, शबूद दुसऱ्या कुणाकडून म्हणून घेऊ का? मी बी इरेला पेटले, म्हणलं घे. आमच्या पंचशीलाला बसवलं. माज्या बुद्धरत्नची बायको म्हणून सांगत न्हाई, आवाज ग्वाड हाय सुनंचा, शाळेत पोरांना कविता शिकवती. तिला बसवलं तुज्या जागेवर. मी वळ सोडली. ‘पाणी’ म्हणते न म्हणते तवर तिनं झील धरली बी. सुरात धरली. सगळ्यांनी माना हालवल्या.

पर तू तशी येत न्हाईस. तू आदी दम घेतीस. मला शेजारी ऐकू यायचा त्यो. ऐकणाऱ्याला वाटतं आता ही येती का न्हाई, आन् तवा तू येतीस. मायला पाणी लगीच मिळालं न्हाई, शकू, वाट बगून मिळालं. पंचशीलाचं पाणी नळाला आल्यावाणी आलं. मी उठून चुलीकडं गेले. पोरगी बिचारी कावरीबावरी झाली, आत्याबाई माजं काय चुकलं म्हणून माज्या मागं आली. तिचं काय चुकलं न्हाई. तिला जवळ घेतलं आन् सांगितलं तसं. मग दोगी रडलो. प्रशांतकुमारनं ते घेतलं न्हाई, कॅमेरा भुईकडं करून उभा राह्यला. म्हून म्हणते गुणाचा हाय.

जाताना त्यानं एक इचित्र काम केलं. म्हणला, सगळ्यांनी गप बसा, हालू नका. आन् माईक तसाच चालू ठेवला. केसाळ हाय त्यो माईक, घुशीवाणी. मी इचारलं, कामून रे, कुणी बोलंना तर काय भरायलास? म्हणला, अक्का, हरेक घराची शांतता येगळी असती, ती लागती आमाला. मला पटलं न्हाई, पर बसले. आमच्या घराची शांतता भरून घेतली त्यांनी. शेजारच्या मोटारीचा आवाज बी आला असंल त्यात.

आता एक सांगते. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आदी माज्याच तोंडून कळू दे.

प्रियंकानं कॅसेटीचं खोकं मागितलं. दिलं. वर तेच, ‘राजूबाई आणि पार्टी, औराद.’ आन् माजा फोटो. उदगीरच्या त्या फोटोवाल्यानं दोगींचा काढलेला, आन् कॅसेटवाल्यानं कापून माजा एकटीचा केलेला. माज्या खांद्यावर तुजा हात तेवढा राह्यलाय. हातभर बांगड्या आन् तुजी ती वाकडी करंगळी, हापशीच्या दांड्याखाली सापडलेली. कॅसेटीचं खोकं माज्या पदरात टाकून तू म्हणली व्हतीस, “मी पार्टी न्हाई, अक्का. मी शकू हाय.” त्या दिवशी उठून गेलीस ती गेलीस. माय गेली तवा बी तिच्या एका अंगाला तू बसलीस आन् दुसऱ्या अंगाला मी. पुण्यानुमोदनाला लोक म्हणले तिचं गाणं म्हणा. दोगी बी खाली बगत बसलो.

तर प्रियंकानं कॅमेरा चालू असताना इचारलं, मावशी, ह्यो हात कुणाचा?

तुजं पत्र आलेलं नव्हतं. सकाळीच मी पोस्टमनला हटकून आले व्हते. डोस्क्यात राख गेलेली. मी म्हणलं, “असंल पार्टीतली कोण तरी बाई.”

म्हणले आन् मलाच कसंतरी झालं. रातच्याला भाकर गोड लागली न्हाई. दुसऱ्या दिवशी पोरीला म्हणलं, तेवढं पुसून टाक. ती म्हणली, मावशी, तुमी म्हणत असलात तर पिच्चरमदी घालत न्हाई. पर पुसत न्हाई, खरं हाय ते. म्हणलं खरं कसं? खोटं बोलले मी. तर म्हणली, खोटं बोललात हे खरं हाय. आजकालच्या पोरींपुडं बोलायची सोय न्हाई.

ते दोगं अफजलपूरला यायलेत तुज्याकडं. त्यांच्यासंगं कारळाची चटणी पाठवायलेय, तुला आवडती तसली, लसूण जास्ती घातलेली. पोरं उन्हातून येतील. माज्यावरचा राग त्यांच्यावर काढू नको.

राजूबाई


औराद
१२ मार्च

शकू,

काय बोललीस ग तू?

पोरं परत आली त्याला बरेच दिस झाले, आन् मी रोज इचारायलेय. धड सांगतच न्हाईत. कळलं ते एवढं. तू त्यांना पोटभर जेवू घातलंस, उसाचा रस पाजलास. माज्या गुडग्याचं इचारलंस. चटणीचा डबा हातात घेऊन झाकण काढून वास घेतलास आन् फळीवर ठेवलास. कॅमेऱ्यापुडं बसत न्हाई म्हणलीस, मी गात न्हाई म्हणलीस. मग प्रियंकानं तिचा तो घडीचा कंपूटर काढला आन् म्हणली, बहिणीचं गाणं बगता का? तू म्हणलीस, भाकरी करता करता बगते. ती म्हणली, माईक चालू ठेवू का, हात तेवढे घेऊ का? तू म्हणलीस, ठेवा की, मी काय बोलणार न्हाई.

आन् मग तू कायतरी बोललीस! हितपतूर सांगितलं आन् पोरगी गप झाली. म्हणली, शकूमावशीनं सांगितलंय, मी हौ म्हणेपतूर अक्काला दाखवायचं न्हाई, सांगायचं बी न्हाई. मी प्रशांतकुमारला एकटा गाठला, चहा पाजला, गुळाची पोळी घातली. खाल्लं सगळं आन् हसत बसला. कन्नडमदी कायतरी म्हणला, त्याचा अर्थ बी सांगितला न्हाई.

मला वाटतं तू शिव्या दिल्यास. कारण त्या पोरीनं मला सांगितलं, तू म्हणलीस, सगळं दाखव, अक्का माज्याबद्दल काय काय बोलली ते सगळं दाखव. म्हंजे ‘पार्टीतली कोण तरी बाई’ बी तू ऐकलंस. भाकरी थापता थापता ऐकलंस. तुज्या जागी मी असते तर परात फेकून मारली असती.

आन् काल प्रियंकानं तुजी अट सांगितली. तुजं घ्यायचं असलं तर माजं ते बोलणं बी पिच्चरमदी पायजे, न्हाईतर तुजा आवाज कुठंच लावायचा न्हाई. वा ग बाई! आख्खं औराद बगणार ते. जयंतीच्या आदल्या सांजेला बुद्धइहाराच्या भिंतीवर पडदा लावून दाखवायचंय. म्हाताऱ्याकोताऱ्या सगळ्या असणार, ज्यांनी आपल्या दोगींना एका ताटात जेवताना बगितलं. त्यांच्यापुडं मी म्हणणार की माज्या खांद्यावरचा हात कुणाचा ते मला ठाव न्हाई. पडद्यावर एवढं मोठं माजं तोंड.

पंचशीला म्हणली, आत्याबाई, न्हाई म्हणा, तुमची इज्जत हाय गावात. इज्जत हाय, खरं हाय. ह्या गावात मला राजूबाई गाणारी म्हणून वळखतेत, बाया वाट सोडतेत. पर त्यातली निम्मी इज्जत तुजी व्हती, ती मी एकटी खात बसलेय.

मी पोरीला सांगितलं, ठेव. जसं हाय तसं ठेव, कापू नको. कापाकापीनंच ही येळ आली आमच्यावर.

शिव्या असतील तर असू दे, शकू. मायला न्हाई, मला दे. एवढ्या वर्सांनी तू माज्यासाठी तोंड उगडलंस, ते माज्यापतूर येऊ दे.

अक्का


औराद
१४ एप्रिल

शकू,

आज जयंती. गावात निळे झेंडे लागलेत, डीजे वाजायलाय, पोरं नाचायलीत. मी दार लावून घरात बसले आन् तुला लिहायलेय. सगळे बोलवाय आले. म्हणलं, येते, माजं आदी एक काम हाय.

काल सांजेला बगितलं. पिच्चर आजून पुरा व्हायचाय म्हणं, पर आपल्या गावापुरता दाखवला. पुडं पोरं, मग बाया, मागं बाप्ये. मी खांबाआड बसणार व्हते, तर पंचशीलानं हाताला धरून पुडं बसवलं.

पयलं माजं पाणी आणणं आलं. लोक हसले. मग कॅसेट आली. प्रियंकाचा आवाज आला, ह्यो हात कुणाचा. आन् मी म्हणले, असंल पार्टीतली कोण तरी बाई. भागम्मा आत्या माज्या मागं बसली व्हती, ती येवढंच म्हणली, “अगं राजू, राजू.” मला वाटलं भुई फाटावी. उठू बी शकत नव्हते.

आन् मग पडद्यावर तुजे हात आले.

तोंड न्हाई दिसलं. काळी परात, पीठ, आन् हात भाकर थापायलेले. सुरकुतलेत ग हात. हिरव्या बांगड्या दोनदोनच राह्यल्यात. पर ती करंगळी भाकरीला लागत न्हाई, वरच राहती, तशीच. पडद्यावर कुणीच काय बोललं न्हाई. कॅसेटीवरचा हात आन् परातीतला हात. म्हाताऱ्या बायांनी आपापसांत नाव घेतलं तुजं. शकू, शकू, असं पार मागपतूर गेलं.

मग मी गायले. वाकळीवर एका कडंला बसलेली मी, आन् शेजारी रिकामी जागा. प्रशांतकुमारनं डबडा सरकवला नव्हता, जागा तशीच ठेवली व्हती. ओंजळ भरून भीमानं माज्या मायला पाणी… आन् थांबले. आमच्या घराची शांतता आली, त्यानं भरून घेतलेली. कोंबडी आली, मोटार आली. मला वाटलं आता शिव्या येतील. पदर तोंडाला लावून बसले.

तू दम घेतलास.

शकू, मला आदी त्यो दम ऐकू आला. इहारात कुणालाच कळलं न्हाई काय हाय ते, मला कळलं. तुज्या हातात भाकर व्हती, पडद्यावर ते हात थांबले. आन् तू झील धरलीस. आवाज खाली गेलाय तुजा, जरासक चिरकलाय. पर जागेवर आलीस. मग हात परत भाकर थापाय लागले, जसं काय झालंच न्हाई.

मागनं भागम्मा आत्या रडायली, पंचशीला रडायली, मला तर काय दिसतच नव्हतं. प्रशांतकुमार पडद्यापाशी उभा व्हता त्यो मला बगून हसला, तवा कळलं ह्यानं गुळाची पोळी खाऊन सांगितलं कामून न्हाई.

शेवटाला नावं आली. प्रियंकानं मला आदी इचारलं व्हतं, कसं लिहू? मी म्हणलं व्हतं, गाणं आमच्या मायचं, भागाबाईचं, म्हणणाऱ्या तिच्या दोन लेकी, शकूबाई आन् राजूबाई. तुजं नाव आदी. तवा मला वाटत व्हतं तू शिव्या दिल्यास, तरी तसंच सांगितलं. हे मुद्दाम लिहायलेय, न्हाईतर तू म्हणशील झील ऐकून पाझर फुटला हिला.

कॅसेट मी छापली न्हाई. पर छापलेली बगून मी त्या माणसाला एक शबूद बोलले न्हाई. माजा एकटीचा फोटो बगून मला ग्वाड वाटलं व्हतं, शकू. बस्स. हे मी कॅमेऱ्यापुडं न्हाई सांगितलं, ते तुज्यापुरतं.

मला तुज्याकडं यायचंय. बोलव न्हाई बोलव, तुजी मर्जी. मी आता मायचं गाणं लिहिते आन् पत्र बंद करते.

इहिरीच्या काठी उभी माय तहानली,
रिकामी घागर तिनं घरला आणली,
ओंजळ भरून भीमानं माज्या मायला पाणी


अफजलपूर
२१ एप्रिल

अक्का,

पाजलं.

कलबुर्गीच्या बस स्टँडवर आयतवारी सकाळी मी उभी राहते, तू एकटी बस बदलू नको, तुजा गुडगा धड न्हाई. नातू संगं असंल. चटणी संपली, घेऊन ये. आन् मायची वाकळ आण, उजवीकडची बाजू माजी हाय.

शकू